पहिल्या पानावरची भीती, आतल्या पानावरचं मरण

मा. संपादक, स.न.वि.वि.

महायुद्धानंतरच्या पत्रकारितेवरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला, आवडला, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा पत्रप्रपंच. लेखात सगळं शीतयुद्ध, हेरगिरी आणि अणुबॉम्ब. त्या काळात लोक दुसऱ्या कशाने मरतच नव्हते की काय?

मॅकार्थीवर तुम्ही दोन कॉलम दिलेत, तर तिथूनच सुरू करतो. ९ फेब्रुवारी १९५० ला वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगमध्ये हा अमेरिकन सिनेटर बोलला, परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. बातमीत आकडा आला २०५. पुढच्या एकदोन दिवसांत तोच आकडा ५७ झाला आणि २० तारखेला सिनेटमध्ये ८१! अहो, किराणावाल्याच्या बिलात एवढा फरक पडला तर आपण वही मागून बघतो. इथे ती यादी उघडून दाखव असं ठणकावून म्हणणारे थोडेच निघाले, बाकीच्यांनी तो काय म्हणाला ते छापलं आणि मोकळे झाले. खोटं छापलं असंही म्हणता येत नाही, कारण तो तसं म्हणाला होताच ना. तेव्हाचा वस्तुनिष्ठतेचा नियमच तो, बातमीत स्वतःचं मत घालायचं नाही, आणि नेमकं हेच त्याच्या पथ्यावर पडलं. एडवर्ड मरो या अमेरिकन पत्रकाराने टीव्हीवर त्याची भाषणं त्याच्याच तोंडून ऐकवून पंचनामा केला तो मार्च १९५४ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी.

आता दुसरी बाजू. ५ ते ९ डिसेंबर १९५२, लंडन. कोळशाचा धूर धुक्यात अडकला, बस बंद पडल्या, एका थिएटरात तर प्रेक्षकांना स्टेजच दिसेना म्हणून ऑपेरा थांबवावा लागला. पेपरांत गाजलं काय, तर प्रदर्शनाला आणलेली जनावरं गुदमरून मेली ते. त्यांच्या तोंडाला व्हिस्कीत भिजवलेली गोणपाटं बांधली होती म्हणे. माणसं मात्र घरात, हॉस्पिटलात एकेक करून जात होती, आणि एकेकटं मरण ही काही बातमी नसते. साधारण चार हजार माणसं गेली हे मागाहून मृत्यूनोंदी जुळवल्यावर कळलं (पुढच्या अभ्यासांनी तर बारा हजारांपर्यंत नेलं), आणि त्यानंतरही सरकार बराचसा दोष फ्लूवर ढकलत होतं. हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा व्हायला १९५६ उजाडलं.

सिगारेटचं तर विचारूच नका. धूम्रपानाचा फुफ्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवणारा डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचा शोधनिबंध १९५० चा, म्हणजे मॅकार्थीच्या भाषणाच्याच वर्षातला. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेवर वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली, की अजून काही सिद्ध झालेलं नाही. आणि मग वर्षानुवर्षं बातम्यांमध्ये एक डॉक्टर इकडचा, एक कंपनीवाला तिकडचा, झाला बॅलन्स. मॅकार्थीच्या वेळी समोरच्याची बाजू तपासायला वेळ नव्हता आणि इथे मात्र दोन्ही बाजूंना न्याय द्यायची केवढी घाई!

पोलिओचं वार्तांकन त्यामानाने नेटाने झालं हे मान्य, पण तिथे आयर्न लंगमधल्या (म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या लोखंडी पेटीतल्या) मुलांचे फोटो होते. धुराचा फोटो काढला तर नुसता पांढरा कागद दिसतो, आणि कॅन्सर वीस वर्षांनी येतो, तोवर बातमीदार रिटायर.

माझं म्हणणं असं नाही की राजकीय धोके खोटे होते, रशियाने १९४९ मध्ये अणुचाचणी केलीच होती, हेरही सापडले होते. पण पुरवणीचा दुसरा भाग येणार असं शेवटी लिहिलंय, तर त्यात लंडनच्या त्या पाच दिवसांना एक कॉलम द्या. आणि जमलं तर त्या दिवसांतल्या पहिल्या पानांचे फोटोही टाका, कुठली बातमी किती मोठी होती ते आम्ही वाचक पट्टी लावून मोजून घेऊ.

आपला नियमित वाचक