मेंदूतले लोह आणि आईच्या गोळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ७८ वर्षांची. विसरायला होते म्हणून तिच्या मेंदूचा एमआरआय केला. मेंदूच्या तळच्या भागात लोह साचले आहे, वयाच्या मानाने ठीक, अशी एक ओळ रिपोर्टमध्ये होती. फिल्म खिडकीशी धरली तर दोन्ही बाजूंना काळपट डाग दिसत होते. ते पाहून धाकटा भाऊ म्हणाला, "आणि आपण वर तिला लोहाच्या गोळ्या देतोय!" गोळ्या त्याच रात्री बंद झाल्या. मीही त्याला अडवले नाही. आईला मूळव्याधीचा जुना त्रास आहे, त्यातून रक्त जाते; गोळ्या त्यासाठीच होत्या. तीन महिन्यांत तिला जिना चढवेना. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९.८ वरून ८.१ वर आले होते.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावले ते आधीच कळायला हवे होते. वयाबरोबर मेंदूत लोह वाढते, हे हॅलग्रेन आणि सूरांडर या स्वीडिश संशोधकांनी १९५८ मध्येच शवविच्छेदनातून मोजून दाखवले होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्लोबस पॅलिडस या भागात पहिल्या तीसेक वर्षांत ते झपाट्याने वाढते आणि मग स्थिरावते. तिथे दर १०० ग्रॅमला सुमारे २१ मिलिग्रॅम लोह सापडले, म्हणजे यकृतापेक्षाही जास्त! डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन बनवायला, मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण घडवायला मेंदूला लोह लागतेच. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पडदा असतो. पोटात गेलेली गोळी सरळ मेंदूत जाऊन बसत नाही.

पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूच्या एका भागात लोह प्रमाणाबाहेर वाढते, हे खरे. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, लेव्होडोपा हे त्यावरचे नेहमीचे औषध सुरू न झालेल्या ३७२ रुग्णांपैकी निम्म्यांना लोह काढून टाकणारे डेफेरिप्रोन ३६ आठवडे दिले गेले. मेंदूतले लोह घटले, लक्षणे मात्र बळावली. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे झाले, तिथे आम्ही घरच्या घरी काय ठरवणार होतो?

आपल्या आरोग्य पुरवणीत 'मेंदूत धातू साचतात' अशा बातम्या येतात. त्यांच्याखाली 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या थांबवू नका' एवढे ठळक छापाल का? एमआरआय केंद्रांनीही 'वयानुरूप' म्हणजे काय, हे रिपोर्टवर मराठीत लिहावे, ही कळकळीची विनंती.

आईच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. लोह अंगी नीट लागावे म्हणून लिंबूपाण्याबरोबर देते, आणि तिचा आवडता चहा दोन तास पुढे ढकलला आहे.

— एक वाचक, सातारा