एचआयव्ही : तरतूद कुटुंबाच्या हिशेबाने करा

संपादक महोदय,

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी (२०२१ ते २०२६) केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. तपासणी, समुपदेशन, एआरटीच्या (विषाणूला आवर घालणाऱ्या रोजच्या) गोळ्या, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणारी चाचणी) हे सगळे या कार्यक्रमात मोफत मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण हा खर्च रुग्णागणिक मांडला जातो. आई, वडील आणि मूल तिघेही औषधावर असले, की कागदावर तीन रुग्ण आणि तीन तारखा. प्रकृती स्थिर असलेल्या मोठ्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. मुलाचा डोस मात्र वजनावर ठरतो (२० किलोच्या आत डोल्युटेग्रॅविर या एआरटी औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या, पुढे ५० ची), म्हणून त्याला लवकर बोलवावे लागते. त्या दिवशी घरातल्या एकाची मजुरी बुडते. एसटीत सवलत आहे, पण गावच्या गाडीत ओळखीच्या वाहकापुढे सवलतीचा पास दाखवायचा कोणी? लोक गुपचूप तिकीट काढतात.

मोठी गळती एचआयव्हीबाधित आईच्या तान्ह्या बाळांच्या पाठपुराव्यात होते. आईकडून लागण होऊ नये म्हणून जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिनचे औषध सुरू करून ते किमान सहा आठवडे द्यायचे. सहा आठवडे, सहा महिने आणि बारा महिने या टप्प्यांवर रक्ताचे थेंब घेऊन डीबीएस कार्डावर (रक्ताचे थेंब वाळवून पाठवण्याचे कागदी कार्ड) नमुना पाठवायचा. शेवटची खात्री अठराव्या महिन्यात, किंवा स्तनपान थांबल्यावर तीन महिन्यांनी, यांतले जे नंतर येईल तेव्हा. साधी अँटिबॉडी चाचणी आधी केली तर आईकडून आलेल्या अँटिबॉडीमुळेच ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घर विनाकारण हादरते. आता पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यात. नोंद सासरच्या केंद्रात आणि बाळ माहेरी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर दोन-दोन टप्पे फडावरच उलटतात. कार्डावरचे गोल पूर्ण भरले नाहीत किंवा कार्ड ओलसर असतानाच पाकिटात घातले, तर नमुना बाद होतो आणि बाळंतिणीला पुन्हा हेलपाटा. या बाळामागे फोन करणारा, त्या जिल्ह्यातल्या समुपदेशकाला कळवणारा एक माणूस लागतो. तशी घरभेटीची कामे करणाऱ्या केअर अँड सपोर्ट सेंटरना (बाधितांसाठीच्या मदत केंद्रांना) बराच काळ ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचा आधार राहिला आहे. अशा मदतीला मुदत असते.

राज्याच्या योजना आहेत, पण त्यांचे निकष वाचावेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे. २१,००० म्हणजे महिना १,७५०! रोजगार हमीच्या ३१२ रुपये दराने (२०२५-२६) ६८ दिवस काम केले तरी बाई अपात्र ठरते. त्या वर्षी सरकारने शंभर दिवसांची हमी दिली आणि सरकारच ६८ व्या दिवशी तिला सधन ठरवत होते. शिवाय अर्जासोबत आजाराचा दाखला जोडला, की तो तलाठ्यापासून तहसीलपर्यंत किती टेबलांवर उघडा पडेल याचा भरवसा नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयतेचे बंधन आहे. तेव्हा विधवा या निकषात बसणाऱ्या महिलेचा अर्ज त्याच निकषातून करावा आणि इतरांचे दाखले जिल्हा एड्स नियंत्रण पथकामार्फत बंद पाकिटात जावेत, एवढी सोय सहज होण्यासारखी आहे.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये आहेत. आधार, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, पालक वारले असल्यास मृत्यूचा दाखला, मग गृहभेट आणि बालकल्याण समितीचा आदेश. आजारी आजी आणि दोन नातवंडे अशा घराने हे कोणाच्या जिवावर गोळा करायचे? पैसे योजनेत असतात, माणूस नसतो.

म्हणून पुढच्या टप्प्याच्या आखणीत आणि राज्याच्या अर्थसंकल्पातही प्रत्येक एआरटी केंद्रामागे किमान एका कुटुंब कार्यकर्त्याचे मानधन स्वतंत्र लेखाशीर्षाखाली धरावे. घराची एकच फाइल, सगळ्यांची एकच तारीख, बाळाच्या तपासण्यांचा पाठपुरावा आणि योजनांची कागदपत्रे हे त्याचे काम. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्यावा. बिल सादर करून महिन्यांनी मिळणाऱ्या पैशांसाठी उसनवारी करून कोणी येत नाही. केंद्राचा निधी येईपर्यंत जिल्हा वार्षिक योजनेतून सुरुवात करावी. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादाही निदान रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीइतकी, म्हणजे २०२५-२६ च्या दराने ३१,२०० रुपये व्हावी.

आणखी एक. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३२ नुसार, पालक गेले असतील किंवा आजारामुळे असमर्थ असतील तर बारा ते अठरा वर्षांचे समजदार भावंड धाकट्याचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार आणि बँक खात्यासाठी सही करू शकते. खिडकीवर मात्र अजूनही ‘मोठ्या माणसाला घेऊन ये’ असेच ऐकावे लागते. बँका, शाळा आणि रुग्णालयांना एक परिपत्रक पाठवायचे आहे, त्याला तर निधीही लागणार नाही.

— एचआयव्ही समुपदेशन व पाठपुरावा क्षेत्रातील कार्यकर्ते, सोलापूर