शिबिरांच्या जाहिरातीत माणसांचा आकडा छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी जवळ आली की आपल्या अंकात शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात आणि आमच्या कार्यालयातला फोन थांबायचे नाव घेत नाही. मुलांची सुट्टीतली शिबिरे भरवणाऱ्या एका संस्थेत मी चौकशीच्या टेबलावर बसते. फोन घेणे, फॉर्म तपासणे, याद्या करणे, शिबिर सुरू झाले की फाटकाशी उभे राहून मुले ताब्यात घेणे आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत देणे, हे माझे काम. शिकवत मी काहीच नाही. पण पालक काय विचारतात आणि काय विचारायचे राहून जाते, हे माझ्या टेबलावर जितके कळते तितके आमच्या संचालकांनाही कळत नसेल. म्हणून हे पत्र. शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

फोनवरचे प्रश्न मला आता पाठ झालेत. काय काय शिकवणार? सर्टिफिकेट मिळणार का? रोज फोटो पाठवणार का? समारोपाला मुलांना स्टेजवर आणणार ना? विचारण्यात गैर काही नाही, पैसे मोजणारा माणूस विचारणारच. पण याची उत्तरे पत्रकात आधीच छापलेली असतात आणि सगळ्या पत्रकांत तीच असतात. चित्रकला, नाच, हस्तकला, बुद्धिबळ, विज्ञानाचे प्रयोग, हल्ली थोडे कोडिंग. एका शिबिराच्या पत्रकावर दुसऱ्याचे नाव टाकले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. मग निवडायचे कशावरून? बहुतेक जण मैत्रिणीने कुठे नाव घातले यावरून निवडतात. माझ्या मते तो रस्ता पत्रकापेक्षा बरा.

क्वचितच कानावर पडणारा प्रश्न असा: माझ्या मुलाबरोबर दिवसभर कोण असणार आणि त्या एका माणसाच्या वाट्याला किती मुले येणार?

याला मोजमाप नाही असे नाही. अमेरिकन कॅम्प असोसिएशन ही संस्था शिबिरांना मान्यता देताना जे प्रमाण धरते ते असे: दिवसाच्या शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागे एक मोठा माणूस, ९ ते १४ वर्षांच्या १० मुलांमागे एक. मुक्कामाच्या शिबिरात त्याहून कडक, म्हणजे याच वयोगटांना अनुक्रमे ६ आणि ८ मुलांमागे एक. हे प्रमाण सगळीकडे पाळले जाईल अशी माझी भाबडी समजूत नाही. पण आपल्या मुलाच्या शिबिरात ते १५ आहे की ४० आहे, एवढे तरी घरच्यांना माहीत असावे.

हा आकडा विचारताना एक पोटप्रश्न जोडा: यात कुणाकुणाला धरले? "आमची बारा जणांची टीम आहे" असे फोनवर सांगण्याची पद्धत आहे. त्या बारा जणांत मी असते, हिशेब लिहिणारे असतात, गाडी चालवणारे असतात, समारोपापुरता येणारा माइकवालाही असतो. मुलांजवळ प्रत्यक्ष चौघे. शिवाय त्या चौघांतले दोघे स्वतःच कॉलेजात जाणारे. कॉलेजातली मुले वाईट नसतात, उलट खेळायला तीच उत्तम. पण एका मुलाच्या नाकातून रक्त आले आणि ताई त्याला घेऊन बाहेर गेल्या, तर उरलेल्या पंचवीस जणांजवळ कोण थांबते, हे विचारून घ्यावे. नीट चालणाऱ्या शिबिरात याचे उत्तर लगेच मिळते, कारण त्यांच्याकडे हे रोज घडते. "असे काही होत नाही हो" हे उत्तर आले तर सावध व्हावे. मुले आहेत म्हटल्यावर रक्त येणार, गुडघे फुटणार, उलटी होणार.

पाण्याचा विषय निघाला की मी स्वतःहूनच बोलते, समोरच्याने विचारले नाही तरी. लहान मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत जागतिक आरोग्य संघटना बुडण्याची गणना करते. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात उंचावून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेल्यावर ओरडायला श्वास लागतो, तोच नसतो. त्यामुळे पोहायला शिकवणारा आणि पाण्याकडे नुसता बघत बसणारा ही दोन वेगळी माणसे लागतात. एकाच मुलाचे हातपाय सरळ करण्यात गुंतलेल्या शिक्षकाला बाकीचे दिसत नाहीत, तो कितीही चांगला असला तरी.

आणखी एक प्रश्न पालकांना विचारायला अवघड वाटतो, म्हणून मी इथे लिहून टाकते. मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत कधी राहणार नाही, यासाठी शिबिराने काय नियम केलेत? स्काउट चळवळीत दोन मोठी माणसे हजर हवीत असा नियम अनेक ठिकाणी आहे. तो कुणा एकावर संशय म्हणून केलेला नाही, सगळ्यांना सारखाच लागू आहे, त्यामुळे चांगल्या शिक्षकालाही त्याचा आधारच असतो. प्रश्न ऐकून ज्या संयोजकाला राग येतो, त्याच्याकडे मी माझे मूल पाठवणार नाही. फाटकावरही तेच. यादीत नाव नसलेल्या आजोबांना मी नातू देत नाही आणि ते माझ्यावर चिडतात. चिडू देत. जिथे कुणीही येऊन "मी काका" म्हटले की मूल हाती मिळते, तिथल्या बाकीच्या सोयींचे कौतुक काय करायचे?

आता मेंदूच्या विकासाबद्दल. हे शब्द पत्रकावर आले की फीचा आकडा वर जातो, असा माझा अनुभव. मोत्सार्ट या युरोपीय संगीतकाराचे संगीत ऐकून बुद्धी वाढते का, हे पाहणारा १९९३ सालचा जो प्रयोग गाजला, त्यात लहान मुले नव्हतीच. कॉलेजचे ३६ विद्यार्थी होते आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटे टिकला. त्यावर लहान मुलांसाठी केवढा बाजार उभा राहिला! अबॅकसचा, म्हणजे मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवण्याचा, अभ्यास त्या मानाने प्रामाणिकपणे झाला आहे. वडोदऱ्यात सुमारे दोनशे शाळकरी मुलांवर तीन वर्षे केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अबॅकस शिकलेल्या मुलांची आकडेमोड सुधारली, पण स्मरणशक्ती किंवा एकूण बुद्धी वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या शंभर शाळांवरच्या बुद्धिबळाच्या प्रयोगाचा अहवाल आला. त्यांतल्या निम्म्या शाळांत वर्ग घेतले होते, पण वर्ग संपल्यावर एका वर्षाने गणिताच्या गुणांत काही फरक नव्हता. मग बुद्धिबळ शिकवू नये का? जरूर शिकवावे. बुद्धिबळ मजेदार आहे म्हणून शिकवावे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्यांबद्दल मात्र मी एवढेच सांगीन की पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट असते, आणि मुले फार हुशार असतात.

"सुट्टीत मुले शिकलेले विसरतात" ही भीतीही जाहिरातीत घातलेली असते. १९९६ साली जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सुट्टीमुळे सरासरी महिनाभराचे शिक्षण मागे जाते असे दिसले होते. गणित जास्त, वाचन कमी. पुढे २०१९ मध्ये नव्या चाचण्यांवर तेच तपासले तेव्हा चित्र इतके ठाम राहिले नाही; कोणती परीक्षा वापरता यावर निकाल बदलतो असे निघाले. तेव्हा आठ दिवसांच्या शिबिराने वर्षभराचा अभ्यास सावरेल, असे कुणी सांगत असेल तर हसून फोन ठेवावा.

सर्टिफिकेटांवर नावे मीच लिहिते, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त बोलते. १९७३ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिले. काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात मुले काय करतात ते पाहिले, तर आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमत होती. न सांगता मिळालेल्यांचा उत्साह टिकून होता. हे वाचल्यापासून मला एक दिसू लागले आहे. आमच्याकडे पहिल्या दिवशी पदकाची घोषणा झालेल्या गटात मुले "हे धरणार का मार्कांत?" असे विचारतात. शिबिरात मार्क नसतातच. तरी विचारतात.

इथवर वाचून एखादी आई म्हणेल, बाई, आम्हाला एवढे शोधायला वेळ कुठे आहे? खरे आहे, आणि याच मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. फोनवर "त्याला रोबोटिक्सची फार आवड आहे" असे सुरू होते, आणि पाच मिनिटांनी खालच्या आवाजात येते, "तुमचे साडेपाचपर्यंत असते ना? आम्ही दोघेही कामावर असतो." अहो, हेच आधी सांगा! घरात सांभाळायला कुणी नाही म्हणून मूल शिबिरात घालणे यात लाजण्यासारखे काय आहे? सुरुवातीच्या काळातली काही शिबिरे तर शिकवण्यासाठी नव्हतीच. हर्मान वाल्टर बिऑन नावाच्या झ्युरिकमधल्या एका धर्मोपदेशकाने १८७६ मध्ये शहरातल्या ६८ गरीब मुलांना डोंगराळ भागात राहायला नेले, ते चांगली हवा, पोटभर अन्न आणि विश्रांती मिळावी म्हणून. कसलेही कौशल्य शिकवायला नव्हे. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुले चार तुकड्यांत नेली, त्यांत श्रीमंतांची होती आणि कामगारांचीही. आज शिबिरात आपल्या मुलाच्या गटात कोण कोण असेल, हे विचारताना पालक "चांगल्या घरची आहेत ना सगळी?" असे विचारतात. ते जाऊ द्या.

कारण खरे धरले की निवड सोपी होते. सांभाळ हवा असेल तर वेळ बघा, ने-आण बघा, जेवणानंतर आडवे व्हायला जागा आहे का ते बघा, उशीर झाला तर कोण थांबते ते विचारा. रोबोटिक्स असले काय, नसले काय. मुलाला खरोखर एखादी गोष्ट शिकायची असेल तर दहा विषयांच्या शिबिरात घालू नका, एकच विषय नीट शिकवणारा माणूस शोधा. आणि मुलाला नुसती सोबत हवी असेल, तर वेळापत्रकात रिकाम्या जागा किती आहेत ते मोजा. पालकांना रिकामा तास म्हणजे पैसे बुडाल्यासारखे वाटते, आणि संयोजक त्या भीतीने तो भरून टाकतात. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात कलम ३१ आहे. त्यात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे. आमच्या शिबिरात मैत्री जुळते ती शिकवण्याच्या तासाला नाही, पाण्याच्या नळाशी रांगेत.

मुक्कामाच्या शिबिराला पाठवणाऱ्यांसाठी एक सूचना. "नाही करमले तर लगेच न्यायला येऊ" असे वचन देऊ नका. घरच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मुलांवर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये जे मार्गदर्शन काढले, त्यात हे स्पष्ट आहे. अशा वचनातून मुलाला कळते की तू राहशील असे आम्हालाच वाटत नाही. त्याऐवजी आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे राहायची सवय करावी, आणि शिबिर निवडताना मुलाला बरोबर घ्यावे. नकळत नाव घातलेले मूल मला फाटकातच ओळखू येते. ते आईकडे बघत नाही.

आईवडील आणि मुले मिळून करायची शिबिरेही निघाली आहेत, आणि मला ती आवडतात. मात्र वडील कोपऱ्यात फोनवर आणि आई मुलाचे चित्र स्वतः पूर्ण करून देते आहे, असे चालणार असेल तर त्यापेक्षा घरी पत्ते खेळावेत.

आता मागणी. आपण जाहिराती छापता, आणि "शिबिरे" या सदरात विनामूल्य नोंदीही. संयोजकांना चार गोष्टी देणे सक्तीचे करा: एका मोठ्या माणसामागे किती मुले, त्या माणसांचे किमान वय, प्रत्यक्ष जबाबदार व्यक्तीचे नाव, आणि शिबिर चालू असताना पालकांना येऊन बघता येते की नाही. दोन ओळींत मावते. आपला जाहिरात विभाग कुरकुर करील, काही जाहिरातदार आकडा फुगवतीलही. पण छापलेला आकडा पालकांच्या हातात असला की पहिल्याच दिवशी फाटकात उभे राहून मोजता येतो. आमच्या संचालकांनी यंदाच्या जाहिरातीत तो टाकायला होकार दिला आहे आणि मजकूर पुढच्या आठवड्यात आपल्याकडे येईल. कृपया जागेअभावी नेमकी तीच ओळ कापू नये.

संस्थेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, नाहीतर हे पत्रच फुकटची जाहिरात होईल. माझेही नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक शिबिर-कर्मचारी