डायफ्राम बदलला, तरी हॉर्न का उठत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चैत्र-वैशाखातल्या यात्रा उरकल्या की सांगली परिसरातले साउंडवाले गणपतीआधीची दुरुस्ती काढतात. हॉर्नचा आवाज बसला म्हणून त्याच्या युनिटमध्ये नवा डायफ्राम (आवाज काढणारा पातळ पडदा, त्यालाच तारेची कॉइल जोडलेली असते) टाकतात, तरी टॉप, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, दबलेलाच. अशा वेळी एकदा युनिटच्या बॉडीतला मॅग्नेट तपासावा.

कार्यक्रमात तासाभराने आवाज उतरला आणि युनिट निवल्यावर पूर्ववत झाला, तर मॅग्नेट शाबूत आहे. कॉइलची तार तांब्याची असो वा ॲल्युमिनियमची, 100 अंशांनी तापली की तिचा रेझिस्टन्स सुमारे 40 टक्के वाढतो, त्यामुळे आवाज पडतो. रात्रभर निवूनही फरक पडला नाही, तर त्याच मॉडेलचे चांगले युनिट घ्या. हॉर्न आणि ॲम्प्लिफायर तोच ठेवून कमी आवाजात दोन्ही ऐका, मग डायफ्रामांची अदलाबदल करा. दोष बॉडीपाशीच राहिला, तर मॅग्नेट उतरला आहे. गॅपमधला, म्हणजे कॉइल हलते त्या फटीतला, फ्लक्स (चुंबकाचा जोर) 30 टक्के घटला तर वरच्या पट्टीत जवळपास 3 डेसिबल जातात.

हे दुखणे मुख्यतः निओडायमियम मॅग्नेटचे. फेराइट मॅग्नेट तापताना दर अंशाला सुमारे 0.2 टक्के फ्लक्स सोडतो, म्हणजे निओडायमियमच्या जवळजवळ दुप्पट, पण निवल्यावर तो सगळा परत मिळतो. साध्या ग्रेडचा निओडायमियम मात्र 80 अंशांच्या आसपासच थांबतो. त्यापुढे गेलेली ताकद परत येत नाही. जास्त उष्णता सोसणारा एसएच ग्रेड 150 पर्यंत टिकतो. काही युनिटमध्ये मॅग्नेटची चकती कॉइलच्या आतच असते, तिला कॉइलची धग थेट लागते. बाहेर रिंग असलेली रचना त्या मानाने बरी. वजन वाचवायला निओडायमियम जरूर घ्या, पण दुकानात ग्रेड विचाराच. आणि भर उन्हात ट्रॉलीवर रचलेल्या बॉक्सवर काळी ताडपत्री घट्ट बांधून ते वाजवू नका. युनिटच्या मागच्या पंखांना वारा लागायला हवा.

कारागिरांना कळकळीची विनंती: मॅग्नेटच्या प्लेटा उघडू नका. गॅप जेमतेम मिलिमीटरभर असते. प्लेट केसभर सरकली तरी कॉइल घासते, आणि जुन्या अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट) मॅग्नेटच्या युनिटची तर उघडताक्षणी बरीच ताकद जाते. गॅप साफ करायला जाड कागदाच्या पट्टीवर मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि गोल फिरवा. लोखंडाचा कीस टेपला चिकटून येतो. तिथे स्टीलची पिन घालू नका. डायफ्रामचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा आणि कमी व्होल्टेजवर 500 हर्ट्झपासून वर स्वीप (चढत जाणारा सूर) देऊन खरखर ऐका.

उतरलेला मॅग्नेट पुन्हा चार्ज करायला मोठ्या कपॅसिटर बँकेचे मॅग्नेटायझर लागते. ती सोय नसेल, तर त्या बॉडीवर आणखी डायफ्राम घालू नका.

– ध्वनियंत्र दुरुस्ती करणारे काही कारागीर, सांगली