मिशन रविवारच्या पेटीबद्दल काकांना

नागासाकी, जपान

ती. काकांना सप्रेम नमस्कार,

तुमचा फोन झाला त्याच रात्री लिहायला बसणार होते, पण वृद्धाश्रमात रात्रपाळी लागली. फोनवर तुमच्याशी वाद घालायची सोय नाही, तुम्ही मला बोलूच देत नाही! म्हणून हे पत्र.

आपल्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलमध्ये तुम्ही म्हणालात की हॉलचं छत गळतंय, तरुण पोरं चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला फिरकत नाहीत, आणि आपण मात्र ऑक्टोबरात मिशन रविवारी परक्या देशांतल्या धर्मकार्यासाठी दानाची पेटी फिरवतोय. आधी घरचं बघा. हिशेबात तुम्ही चोख आहात, पण हा हिशेब काही मला पटला नाही.

आपण गोन्सालो गार्सियाला मोठ्या कौतुकाने ‘आमचा वसईचा संत’ म्हणतो. तो वसईतच केळीची बाग राखत बसला असता तर त्याचं नाव आज कुणाला ठाऊक असतं? वडील पोर्तुगीज, आई आपल्याकडचीच. लहानपणी जेझुइट संघाच्या फादरांकडे शिकला, पोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला आला, इथली भाषा शिकला. मग व्यापार केला, आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. धर्मगुरू नव्हता तो, हे आपण विसरतो. १५९३ साली फ्रान्सिस्कन मंडळी जपानला आली तेव्हा दुभाषा म्हणून हाच बरोबर होता. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमावरून त्यांना पकडलं, कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत आणलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर दिलं.

ती टेकडी स्टेशनपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. १९६२ साली, त्यांना संतपद मिळाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, तिथे स्मारक उभारलं. लांबलचक भिंत आणि त्यावर ब्राँझच्या सव्वीस आकृती एका रांगेत. पावलं खाली लोंबती, जणू जमीन नुकतीच सुटलीय. मध्येच काही आकृती बुटक्या दिसतात, ती मुलं. सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा. शाळेची सहल आली होती, त्यातल्या एका बाईंना मी सांगितलं की यातला एक माझ्या गावाकडचा आहे. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला. मला लाजल्यासारखं झालं, कारण आपल्या गावाने त्याच्यानंतर या देशासाठी काय केलं, असं त्यांनी विचारलं असतं तर?

तुम्ही म्हणाल, मिशन म्हणजे पोर्तुगीजांनी केलं तेच ना? १५३४ ते १७३९ वसई त्यांच्याकडे होती आणि तलवारीच्या आधाराने धर्म पसरवण्याचे प्रकार घडले, ते मी झाकत नाही. उलट म्हणूनच सांगते, सत्तेच्या जोरावर माणसं ओढून आणणं हे मिशन नव्हे. गोन्सालोच्या मागे ना तोफ होती ना गव्हर्नर. आणि चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज गेले तरी आपल्या आज्या-पणज्यांची श्रद्धा राहिलीच की. बंदुकीच्या धाकाने टिकलेली असती तर बंदुकीबरोबर गेली असती.

इथे तर याहून कमाल झाली. ख्रिस्ती धर्मावरच्या १६१४ च्या बंदीनंतर पुढे इथे एकही फादर उरला नाही. लोकच लपून बाळांना बाप्तिस्मा देत राहिले, सणांचे दिवस मोजत राहिले. १७ मार्च १८६५ ला जवळच्या उराकामीचे काही गावकरी इथल्या औरा चर्चमध्ये आले आणि त्यातल्या बाईने फ्रेंच फादरांना हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? दोनशे-अडीचशे वर्षं! परदेशातून आलेल्या चार माणसांनी पेरलेलं इतकं खोल गेलं होतं.

आता पैशाचं. फ्रान्सच्या लिओं शहरात पोलिन जारिको नावाच्या तरुणीने गिरणीतल्या कामकरणींकडून आठवड्याला एक-एक नाणं गोळा करायला सुरुवात केली. त्या बायकांच्या घरांची छपरं गळत नसतील असं वाटतं तुम्हाला? त्यातूनच १८२२ साली जगभरच्या मिशनांना मदत करणारी संस्था उभी राहिली आणि १९२६ साली मिशन रविवार ठरवून दिला गेला. त्या सामाईक निधीतून भारतातल्या धर्मप्रांतांनाही मदत येते, हे कौन्सिलमध्ये कुणी बोललं का? आपण घेताना जागतिक आणि देताना गावकी, असं कसं चालेल?

खरं सांगायचं तर पैसा दुय्यम आहे. इथल्या रविवारच्या मिस्सेला डोक्यावर पांढरी लेस घेतलेल्या जपानी आज्या असतात, मागच्या बाकांवर व्हिएतनामी पोरं, फिलिपिनो बायका, आणि कोपऱ्यात मी. ही पोरं कारखान्यात राबायला आली आहेत, कुणी त्यांना मिशनरी म्हणून धाडलेलं नाही. पण आज्यांना जिन्यावरून हात धरून उतरवतात तीच, आणि गायनमंडळही त्यांच्याच जिवावर चालतं. आपल्याकडे प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी आखातात नाहीतर बोटीवर आहे. पोटासाठी आपण साऱ्या जगात जातो, मग चर्चची नजर तेवढी वेशीपाशी का अडावी?

पोरं मिस्सेला येत नाहीत म्हणता. त्यांच्या कानावर आपण काय घालतो? छत, मंडप, बँडचा खर्च. सुट्टीवर आलेल्या एखाद्या खलाशाला किंवा नर्सला रविवारी शाळेतल्या मुलांपुढे उभं करा आणि बघा कशी ऐकतात.

तेव्हा पुढच्या बैठकीत पेटी बंद करायचा ठराव मांडू नका, एवढी विनंती. छतासाठी मी वेगळे पैसे धाडते, पत्रे कुठले घ्यायचे ते बाबांशी बोलून ठरवा, मागच्यासारखे स्वस्तातले नकोत. काकूंचा गुडघा कसा आहे? आणि कुणी इकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर आपली सुकेळी, वाळवलेली केळी, पाठवा, थोडी जास्तच.

तुमची पुतणी,
फ्लोरी