उपाशीपोटी साखर येते कुठून?

प्रिय सुनील,

स. न. वि. वि.

रात्री आठला जेवून सकाळी सातला रक्त दिलं, तरी साखर नव्वद कशी, असं विचारलंयस. यकृतामुळे. अख्ख्या रक्तात ग्लुकोज जेमतेम ४-५ ग्रॅम असतं आणि एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास फस्त करतो. रात्रभर भर घालावीच लागते.

ग्लुकोज फोडून ऊर्जा काढण्याच्या, शाळेत घोकलेल्या दहा पायऱ्या विसर. पेशीचा लगाम तीनच पायऱ्यांवर असतो. पहिली आणि तिसरी कळली तरी पुष्कळ झालं.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला आधी फॉस्फेट चिकटतं, मग त्याला बाहेर पडता येत नाही. स्नायूत हे काम हेक्सोकायनेज या एन्झाइमचं. लिटरमागे ०.१ मिलिमोल ग्लुकोजच्या आसपासच ते निम्मा वेग गाठतं, आणि तयार माल साचला की आपोआप थंडावतं. यकृतातलं ग्लुकोकायनेज मात्र सुस्त: निम्म्या वेगाला सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे तुझ्या नव्वदच्या मापात १४५ च्या घरात साखर लागते. माल साचला म्हणून ते थांबतही नाही. म्हणून जेवणानंतर यकृत साखर ओढतं, पण उपाशीपोटी मेंदूच्या तोंडचा घास काढत नाही. वर उपासात एक नियामक प्रथिन त्याला केंद्रकात डांबून ठेवतं, ते वेगळंच.

तिसरी पायरी फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या एन्झाइमची. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, भरपूर असलं की ते मंदावतं; एएमपी, म्हणजे एटीपी खर्चल्याची खूण, वाढलं की धावतं. यकृतात मात्र हुकूम चालतो फ्रुक्टोज-२,६-बिसफॉस्फेटचा. हा रेणू १९८० मध्ये बेल्जियममध्ये हाती लागला. उपासात ग्लुकॅगॉन हे संप्रेरक वाढलं की तो घटतो; ग्लुकोज फोडणं मंदावून नवं घडवणं सुरू होतं. दोन्ही एकदम चाललं तर एटीपी फुकट जळेल.

ग्लुकोज रक्तात सोडण्याआधी त्याचं फॉस्फेट काढावं लागतं. ते काढणारं एन्झाइम यकृतात असतं, स्नायूत नाही. त्यामुळे स्नायूंतलं ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा, रक्ताच्या थेट कामाचं नाही. भिस्त यकृतातल्या १०० ग्रॅमवर. फॉन गिर्के या जन्मजात आजारात हेच एन्झाइम निकामी असतं: यकृत फुगतं आणि दोन जेवणांच्या मध्येच मुलाची साखर कोसळते. त्यावर कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून देतात. शिजवलं की ते भराभर पचतं, मग उपयोग काय!

आणि रक्त देताना राखाडी बुचाची नळी वापरतात ना, बघ. नळीतल्या रक्तपेशीही ग्लुकोज फोडत असतात. त्यातलं फ्लोराइड नववी पायरी अडवतं, पण तिच्या आधीच्या पायऱ्या तास-दोन तास ग्लुकोज खातच राहतात. साध्या नळीत तर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते. नमुना लांब जाणार असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) लगेच वेगळा करायला सांग, नाहीतर नळी बर्फात ठेवायला लाव.

तुझा,
विनायक