विषय: पॅरिसमधली दोन्ही म्युझियम नेमकी बंदच्या वारी

प्रति,
व्यवस्थापक, युरोप टूर विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी आत्ताच बोलणं झालं. म्हणजे ते बोलले, मी ऐकलं. म्हणून आता लेखी देतोय.

तुमच्या आयटिनररीत पॅरिसला सोमवारी ऑर्से आहे आणि मंगळवारी लूव्र. ऑर्से सोमवारी बंद असतं. लूव्र मंगळवारी बंद असतं. ऑर्सेची इमारत पूर्वी रेल्वे स्टेशन होती हे खरं, पण १९८६ पासून तिथे म्युझियम आहे आणि त्याला साप्ताहिक सुट्टी असते. आठवड्याच्या सात वारांतून दोन म्युझियमना बरोबर हेच दोन वार लावणं हा योगायोग नसावा, एवढं अचूक काम सहज होत नाही. बरं, उपाय काय, तर दोन ओळींची अदलाबदल. सोमवारी लूव्र, मंगळवारी ऑर्से. हॉटेल तेच, बस तीच, मधे फक्त सीन नदी. याचे तुम्ही माणशी ४,५०० रुपये 'अमेंडमेंट चार्ज' म्हणून मागताय.

लूव्रची तिकिटं वेळेच्या स्लॉटवर मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी कुणी मंगळवारचा स्लॉट काढायला नुसता बसला असता, तरी हे तिथल्या तिथे कळलं असतं. अर्थात कुणी बसलंच नाही, कारण तुमच्याकडे व्हाउचर काढतात ते 'निघण्याच्या सात दिवस आधी'. जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्या पर्यटकांसाठी लूव्रचं तिकीट २२ युरोंवरून ३२ युरो झालं, ते मात्र तुम्हाला अगदी वेळेवर कळलं. फरकाची रक्कम मागणारा ई-मेल लगेच आला. त्यात माझ्या मुलीचेही ३२ युरो लावलेत. तिचं वय १६ आहे, पासपोर्टची प्रत तुमच्याकडे आहे, आणि दोन्ही म्युझियममध्ये १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट असतो. हे पैसे कुणाला जाणार आहेत?

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्याकडच्या आधीच्या फोनवरच्या मुलीने निदान 'चेक करते सर' म्हणून होल्डवर तरी ठेवलं होतं. आज 'सीनियर' म्हणून जे गृहस्थ आले, त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "सर, आयटिनररीत 'लूव्र व्हिजिट' लिहिलंय, 'एंट्री' लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, मग व्हिजिट म्हणजे काय करायचं?

"तिथला काचेचा पिरॅमिड बाहेरूनच दिसतो सर. फोटो मस्त येतात. आमचे बरेच क्लायंट आत जातच नाहीत."

मी म्हटलं, आम्हाला जायचंय. त्यावर ते म्हणाले, "मग परफ्यूम म्युझियम देतो, कॉम्प्लिमेंटरी. तेपण म्युझियमच आहे ना."

इथपर्यंत मी शांत होतो. मी त्यांना सांगितलं की माझी आई निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे, आयुष्यभर शाळेतल्या पोरांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घेतली, आणि ही सहल तिच्यासाठी आहे. तेव्हा गृहस्थ आवाज मऊ करून म्हणाले, "सर, फॉर्ममध्ये आईंच्या गुडघ्यांचं लिहिलंय. आत खूप चालावं लागतं. त्यांच्या दृष्टीने बंद आहे तेच बरं नाही का?"

गुडघ्यांचं आम्ही लिहिलं ते तुम्ही व्हीलचेअरची सोय बघावी म्हणून. लूव्रमध्ये व्हीलचेअर मोफत मिळते, हे माझ्या आईने स्वतः शोधून काढलंय. तिला मोनालिसाचं फारसं कौतुक नाही. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचं 'काना गावचा विवाहसोहळा' हे चित्र आहे, १५६३ सालचं, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. सगळी गर्दी ७७ सेंटिमीटरच्या मोनालिसाकडे तोंड करून आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असते, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय. आणि तिच्या गुडघ्यांची काळजी तुमचा माणूस करणार! हे संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड झालेलं असेलच, 'प्रशिक्षणासाठी' करता ना? मग तेवढ्यासाठी तरी वापरा.

बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री ९ पर्यंत उघडं असतं, पण बुधवारी सकाळीच तुम्ही आम्हाला बसमध्ये घालून ब्रसेल्सला नेताय. म्हणजे सोमवारखेरीज वार उरत नाही. पुन्हा सांगतो, फक्त दोन ओळींची अदलाबदल आहे.

माझ्या वडिलांनी तुमच्याबरोबर अष्टविनायक केलं होतं. तुमच्या तेव्हाच्या माणसाला प्रत्येक देवळाची आरतीची वेळ पाठ होती. त्या भरवशावर आम्ही दुसरीकडे कोटेशनसुद्धा मागवलं नाही. वडील असते तर त्यांनी हे पत्र लिहू दिलं नसतं, तुमचीच बाजू घेतली असती. मी घेणार नाही.

सोमवारी लूव्र आणि मंगळवारी ऑर्से अशी सुधारित आयटिनररी, त्यात 'एंट्री' हा शब्द लिहून, मला शुक्रवारपर्यंत हवी आहे. अमेंडमेंट चार्ज भरणार नाही. मुलीच्या तिकिटाचे पैसे परत करा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाईन. आमच्या पॅकेजच्या रकमेला तिथे २०० रुपये फी आहे, म्हणजे तुम्हाला दोन वार बदलायला लागतात त्यापेक्षा बरीच कमी.

उत्तर लेखी द्या. फोन करायचाच असेल तर त्या गृहस्थांना करायला लावू नका.

बुकिंगवरचा 'लीड पॅक्स',
पुणे